आमचे आम्हांला वाचून दाखवा

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या कोकणात तुळशीपाशी कारीट फोडतात. अंगठ्याखाली ते चिरडायचे, ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. त्याआधी करंजीला हात लावायचा नाही. दिवाळी अंकाच्या फराळातही एखादे कारीट असावे या मताचा मी आहे, आणि यंदा ते काम संपादकांनी माझ्याकडे सोपविले आहे. वाचकहो, तोंड वाकडे करून का होईना, पण हे आधी वाचा. चकल्या कोठे पळून जात नाहीत.

माझे भांडण आहे संशोधक मंडळींशी. पाऊस ओसरला, भात कापणीला आले, की रत्नागिरी जिल्ह्यात ही मंडळी उतरू लागतात. १९९८ साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाल्यापासून तर त्यांची मोठीच सोय झाली. कोणी आमचे दारिद्र्य मोजायला येतो, कोणी आमची झाडे टिपायला येतो, कोणी आमची इस्पितळे तागडीत घालायला येतो. गावात शिरण्याची किल्ली म्हणजे शाळेचा गुरुजी. तो दिवसा हमखास जागेवर सापडतो, त्याला थोडेफार इंग्रजी कळते आणि चहाही तोच पाजतो. गेली कित्येक वर्षे ही किल्लीची नोकरी मी बिनपगारी करीत आलो आहे. माझा बोलण्याचा अधिकार एवढाच. पदवीने तो मिळालेला नाही. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही, आणि ज्या चार कादंबऱ्या मी लिहिल्या त्यांना संशोधन म्हणण्याची चूक अद्याप कोणी केलेली नाही.

माझी तक्रार साधी आहे. ही माणसे येतात, विचारतात, लिहून घेतात, छायाचित्रे काढतात आणि जातात. परत मात्र येत नाहीत. जे नेले त्याचे पुढे काय केले, हे ज्यांच्याकडून नेले त्यांना कोणी सांगत नाही. यावर ‘कृतघ्नपणा हो, दुसरे काय!’ असे म्हणून सुस्कारा टाकता येईल. पण आभार मानून घेण्याची आम्हांला हौस नाही. मी म्हणतो ते याहून कठोर आहे. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला वाचून न दाखविलेले संशोधन हे अर्धवट संशोधन होय, आणि पुष्कळदा ते चुकीचेही असते.

अर्थशास्त्रापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची तरुण मंडळी आमच्या वाडीत घरोघर फिरत होती. हातात छापील प्रश्नावली. त्यात एक प्रश्न होता, ‘घरातील महत्त्वाचे निर्णय कोण घेतो?’ आणि उत्तरासाठी चार चौकोन: नवरा, बायको, दोघे मिळून, इतर. एका म्हातारीला तो प्रश्न विचारला तेव्हा मी शेजारीच होतो. ती म्हणाली, “निर्णय? तो मुंबैसून येतो, पैशांबरोबर.” विचारणारी मुलगी गोंधळली. थोडा विचार करून तिने ‘इतर’वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

त्या एका चौकोनात आमच्या जिल्ह्याचे सगळे अर्थशास्त्र बसले आहे! लालबाग-परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली त्यात आहे. १९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतर बॅगा घेऊन गावी परतलेले बाप त्यात आहेत. आखातातली नोकरी त्यात आहे, आंब्याचा करार त्यात आहे, आणि आमची मुले मुंबईला गेल्यामुळे कलमांच्या राखणीला नेपाळहून येणारा माणूसही त्यातच आहे. मनिऑर्डरीचे दिवस सरले, आता पैसे मोबाईलवर येतात. पण निर्णय अजून त्याच वाटेने येतो. अहवालात या सगळ्याचे काय झाले असेल? ‘इतर’ची टक्केवारी. बस्स.

२००१ साली या जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ भरली. लोकसंख्या वाढते म्हणून सारा देश चिंता करीत असता आमच्याकडे ती घटली. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे बायका ११२२. एका विद्वान गृहस्थांनी आमच्याकडील एका व्याख्यानात हा आकडा सांगून कोकणातील स्त्रीसन्मानाचे मोठे कौतुक केले. पुरुषांनी टाळ्या वाजविल्या. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना ठाऊक होते की हा आकडा सन्मानाचा नसून गैरहजेरीचा आहे. सहा वर्षांखालील मुलांची मोजदाद पाहिली तर हजार मुलग्यांमागे मुली हजारांच्या आतच भरतात. म्हणजे जन्माच्या वेळी आम्ही इतर महाराष्ट्रासारखेच, फक्त पुढे मुलगे निघून जातात. त्या हसणाऱ्या बायकांपैकी एकीला जरी आधी विचारले असते, तरी त्या व्याख्यानाची लाज राखली गेली असती.

आकड्यांचा मला तिटकारा आहे असे कोणी समजू नये. गोपाळ कृष्ण गोखले आमच्याच जिल्ह्यातले. १८६६ साली कोतळूकला जन्मले. १९०२ च्या अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारचेच आकडे हाती घेतले आणि सरकारलाच दाखवून दिले की तिजोरीतली शिल्लक ही प्रजेच्या भरभराटीची खूण नव्हे, प्रजेवर जास्तीचा कर बसल्याची खूण आहे. एकच आकडा, साहेबाच्या तोंडी त्याचा अर्थ एक आणि मीठ विकत घेणाऱ्याच्या तोंडी दुसरा. हा दुसरा अर्थ आकड्याला चिकटलेला नसतो. तो माणसाजवळ असतो, आणि तिथपर्यंत जावे लागते.

आता झाडांकडे वळतो. येथे माझे भांडण अधिक कडू आहे, आणि ते कुड्याच्या झाडावरून आहे.

कुडा आमच्याकडे कोठेही सापडतो. त्याच्या फुलांची आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते, आणि साल जुलाबावर, रक्ती आवेवर देतात. पण कुडे दोन आहेत. पांढरा कुडा हा औषधाचा. त्याची साल कडू, बी कडू. त्या बियांना कडू इंद्रजव म्हणतात. दुसरा काळा कुडा. त्याचे बी गोडसर असते, म्हणून तो गोडा इंद्रजव. दोघांचीही फुले पांढरी, दोघांनाही जोडीने लांब शेंगा लटकतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. काष्ठौषधींच्या बाजारात एकाच्या सालीत दुसऱ्याची साल मिसळणे ही जुनीच लबाडी आहे.

आमच्या वाडीतल्या एका आजीबाईंना हे सगळे ठाऊक होते. एका महाविद्यालयाची तुकडी आली, त्यांच्याबरोबर दोन दिवस रानात फिरली. आजीबाईंनी चाळीसएक झाडे दाखविली, उपयोग सांगितले आणि भाकऱ्याही घातल्या. दोनेक वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी सुटीत आला असता त्याने मोबाईलवर तो छापलेला निबंध शोधून दिला. इंग्रजी निबंध, सुबक तक्ते, प्रत्येक झाडाचे लॅटिन नाव तिरप्या अक्षरांत. आजीबाईंचे नाव कोठेच नव्हते. ‘माहिती देणारी व्यक्ती: स्त्री, वय सुमारे सत्तर’ इतकेच. ते मी सोडून देतो. पण जुलाबावरील औषधासमोर लॅटिन नाव छापले होते ते काळ्या कुड्याचे!

मी ते आजीबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “बी चावून बघितलं असतं तर कळलं असतं की रे त्यांना.” त्या रागावल्या नाहीत. कुड्याची चूक म्हणजे भूगोलाच्या पेपरातली चूक नव्हे. उद्या तो निबंध वाचून दुसरा कोणी दुसरा निबंध लिहील, तिसरा त्याचा आधार घेईल, चौथा प्रयोगशाळेत काळ्या कुड्याची साल तपासून ‘जुलाबावर गुण नाही’ असा निर्णय देईल, आणि आजीबाई अडाणी ठरतील. विद्यापीठांत निबंध छापण्याआधी दोघा-तिघा तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची पद्धत आहे म्हणतात. उत्तम पद्धत आहे. पण या निबंधाचे तज्ज्ञ कोण? परगावी टेबलाशी बसून लॅटिन नावांचे स्पेलिंग तपासणारे, की जिने ते झाड चाळीस वर्षे सोलले ती बाई? तो कच्चा मसुदा कोणी एका संध्याकाळी तिच्या पडवीत बसून मराठीत वाचला असता, तर पाच मिनिटांत चूक सापडती. खर्च किती? एसटीचे भाडे.

पण आपल्या जगाने एक विचित्र नियम करून ठेवला आहे: जे छापलेले नाही ते ज्ञान नाही. हळदीची गोष्ट सर्वांनी ऐकली आहे, आणि बहुतेकांनी ती अभिमानाने, म्हणजे अर्धीच ऐकली आहे. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्राला जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले. ज्यांच्या नावे ते शोधन होते ते दोघेही भारतीय वंशाचेच, हे जाता जाता सांगतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने झगडा मांडला आणि १९९७ च्या ऑगस्टमध्ये ते पेटंट रद्द झाले. आपण पेढे वाटले. पण झगडा जिंकला कशाच्या जोरावर? तुमच्या-माझ्या आयांनी खरचटलेल्या गुडघ्यांवर जी हळद दाबली तिच्या जोरावर नव्हे. परदेशात नुसते वापरात असलेले, पण न छापलेले ज्ञान अमेरिकेचा त्या वेळचा कायदा मोजतच नव्हता. जुने ग्रंथ आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यक नियतकालिकातला एक निबंध असे कागद पुढे ठेवावे लागले. कोट्यवधी आयांपेक्षा एक छापील पान जड ठरले!

त्यातून शहाणे होऊन २००१ मध्ये सरकारने पारंपरिक ज्ञानाचा मोठा संग्रह उभारायला घेतला. चांगले काम आहे. पण तो मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवरून केलेला. दापोलीच्या रानातल्या कातकरणीने ग्रंथ लिहिलेला नाही. तिच्यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आला. गावोगाव समित्या व्हाव्यात, लोकांच्या तोंडून लोकांची नोंदवही तयार व्हावी, कंपनीने गावच्या वनस्पतीवर व ज्ञानावर पैसा मिळविला तर गावाला वाटा मिळावा, अशी ती योजना. कल्पना सोन्यासारखी. तिच्या वाट्याला काय आले? वर्षानुवर्षे कोणी हलले नाही, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. त्यानंतर उशीर करणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपये दंड. मग काय विचारता! पंधरा वर्षांचे काम महिन्यांत उरकण्याची देशभर धांदल उडाली. लोकांच्या तोंडून ऐकायला वेळ लागतो. तक्ता भरायला लागत नाही. एका गावची यादी दुसऱ्या गावाला चिकटविली की झाले. आपल्या गावच्या नोंदवहीत काय लिहिले आहे, हे वाचकहो, तुम्ही कधी पाहिले आहे? दिवाळीला गावी जाणारच आहात, तर ग्रामपंचायतीत जाऊन ती मागून पाहा.

आणि २०२३ मध्ये तो कायदा बदलला. ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्याला त्या वाट्यातून मोकळीक मिळाली. म्हणजे गंमत पाहा. ज्ञान लिहिलेले नसेल तर ते ज्ञानच नव्हे, म्हणून आजीबाईला काही मिळायचे नाही. आणि लिहिलेले असेल तर ते सर्वांचे, म्हणून आजीबाईला काही मिळायचे नाही. छापा पडला तर तू जिंकलास, काटा पडला तर मी हरलो!

यातून दुसरी वाट निघत नाही, असे मात्र नव्हे. केरळात पालोड येथल्या वनस्पती उद्यानाच्या शास्त्रज्ञांना कणी आदिवासींनी थकवा घालविणारे एक फळ रानात खायला दिले. त्यावरून ‘जीवनी’ नावाचे औषध झाले. १९९५ मध्ये ते बनविण्याचा परवाना १० लाख रुपयांना दिला गेला, आणि त्या रकमेचा व पुढील स्वामित्वधनाचा अर्धा भाग कणी लोकांना देण्याचे ठरले. त्यासाठी त्यांचा विश्वस्त निधी झाला. पुढे त्यातही कटकटी झाल्या, सगळे गोड झाले नाही. पण ज्यांनी फळ दाखविले त्यांचे नाव आणि त्यांचा वाटा कागदावर आला.

येथे आमच्याही बाजूच्या लोकांना चार शब्द सुनावले पाहिजेत. प्रत्येक वनस्पती म्हणजे आजीच्या बटव्यातून चोरलेले गुपित, अशी ओरड करणे सोपे आहे, आणि त्या ओरडीवर चूर्णांच्या पुड्या विकणे त्याहून सोपे. सह्याद्रीच्या माथ्यावर नरक्या नावाचे झाड आहे. त्याच्या फुलांना घाण वास येतो म्हणून ते नाव. कर्करोगावरील ज्या औषधांसाठी आज ते प्रसिद्ध आहे, त्याचा पत्ता कोणत्याही आजीबाईला नव्हता. कॅम्पटोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून काढले. वाणी म्हणजे आपल्या महाराष्ट्रातलेच मनसुख वाणी. तेच द्रव्य आपल्या नरक्यात आहे, हे डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखविले. १९९६ मध्ये त्या द्रव्यापासून केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नरक्याच्या लाकडाला भाव आला.

पण १९७२ मध्ये कळलेली ही गोष्ट नरक्याच्या शेजारी राहणाऱ्यांना कोणी सांगितली? कोणी नाही. ती त्यांना कळली ती दलाल कुऱ्हाड घेऊन दारात आला तेव्हा. सिंधुदुर्गात, कोल्हापूरच्या डोंगरांत झाड चोरून तुटत गेले. गावकऱ्याला तोडणावळ मिळाली, पकडला गेला तर खटलाही मिळाला. शोधनिबंध व्यापाऱ्याला वाचता येतो, गावाला येत नाही. हे झाड मोलाचे आहे, लावा, राखा, असे वेळीच मराठीत सांगितले गेले असते, तर काही गावांनी तरी ते आंब्याच्या कलमासारखे जपले असते. न सांगितल्याने सर्वांचे समान नुकसान होते असे नव्हे. ज्याला वाचता येते त्याचा फायदा होतो.

इस्पितळांची मोजणी ही नवी विद्या आहे. ती मी समजून घेतली, कारण तिचे नाव ऐकूनच माणूस घाबरतो. मूळ कल्पना सोपी आहे. फॅरेल नावाच्या इंग्रज पंडिताने १९५७ मध्ये तिचा पाया घातला आणि १९७८ मध्ये चार्नेस, कूपर व ऱ्होड्स या तिघांनी तिला गणिताचे रूप दिले. इस्पितळात आत काय जाते ते मोजायचे: खाटा, डॉक्टर, परिचारिका, पैसा. बाहेर काय येते ते मोजायचे: किती रोगी तपासले, किती बरे करून घरी पाठविले, किती शस्त्रक्रिया केल्या. कमी सामग्रीत जास्त काम करणाऱ्याला पूर्ण एक गुण, बाकीच्यांना त्याच्या मानाने अपूर्णांक. शाळामास्तराला हे चटकन कळते. पहिल्या नंबरच्या मुलाशी तुलना करून बाकीच्यांना छडी मारण्याचाच हा प्रकार.

आता एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या इस्पितळाची कल्पना करा. डोक्याला मार लागलेला रोगी रात्री येतो. मेंदूचा शल्यवैद्य नाही. सलाईन लावतात, कागद करतात, आणि आंबा घाटातून कोल्हापूरला पाठवितात, सव्वाशे किलोमीटरहून जास्त. वहीत काय लिहिले गेले? एक रोगी दाखल झाला, त्याच दिवशी खाट मोकळी झाली. मुक्काम अत्यल्प, खर्च अत्यल्प, इस्पितळात मृत्यू नाही. गणिताच्या दृष्टीने हे फारच कार्यक्षम काम झाले! घाटात त्याचे जे व्हायचे ते झाले, ते कोणत्याच इस्पितळाच्या वहीत येत नाही. आणि गाडीभाड्यासाठी रात्री अकराला शेजाऱ्याचे दार ठोठावून घेतलेले उसने पैसे ना इस्पितळाच्या हिशेबात येत, ना अर्थशास्त्राच्या प्रश्नावलीत. फार तर ‘इतर’ मध्ये.

माझी एक विद्यार्थिनी परिचारिका आहे. तिला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, खाटा रिकाम्या असल्या की काम नाही असं लिहितात. पण खाटा रिकाम्या असतात त्या दिवशी ॲम्ब्युलन्स भरलेल्या असतात.” हे एक वाक्य साऱ्या समीकरणाला उलटे टांगू शकते. पण मोजणारे येतात ते कचेरीतून वर्षाचे तक्ते घेऊन जातात. ज्या हाताने तक्ता भरला त्या हाताला कोणी काही विचारीत नाही. २०२३ पासून रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आनंदाची गोष्ट आहे. कोल्हापूरची वाट काही जणांची तरी वाचेल. पण महाविद्यालय आले की मागोमाग प्रबंधही येतील. म्हणून आत्ताच बोललेले बरे.

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्हांला पाहिजे तसा संशोधक कधी झाला तरी आहे का? झाला आहे, आणि कोकणातच. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रावर १९७६ साली हिंमतराव बावसकर नावाचा तरुण डॉक्टर आला. लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्याच्यासमोर मरत होती. घामाने निथळणारे, हातपाय गार पडलेले, तोंडाला फेस आलेले मूल. पुस्तकांत त्यावर उपाय नव्हता. तो रोग्यांच्या उशाशी बसून राहिला, दर घटकेला टिपणे करीत. मरण हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन येते, हे त्याने ओळखले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या लंडनच्या नियतकालिकात ते छापून आले. मग रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्याने वापरून पाहिली. पूर्वी गंभीर रोग्यांत शंभरातले पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण चारांच्या आत आले. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी हे काम महाडलाच चालू ठेवले. २०२२ मध्ये सरकारने पद्मश्री दिली. आपली कहाणी त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या पुस्तकात मराठीत लिहिली आहे.

आमच्याकडे विंचवावर आघाड्याचे मूळ उगाळून लावतात. साध्या विंचवाच्या वेदनेला त्याने बरे वाटत असेल, नसेल. मी त्यावर भांडत नाही. पण घाम सुटला, हात गार पडले, की मूळ उगाळीत बसण्यात मूल जाते. ही रेघ कोठे ओढायची, हे मांत्रिकाने सांगितले नाही, आघाड्याची रासायनिक तपासणी करणाऱ्यानेही सांगितले नाही. ते सांगितले रोग्याजवळ राहिलेल्या डॉक्टरने, आणि ज्यांना विंचू चावतो त्यांच्यापर्यंत ते मराठीतून पोचविले. त्यांचे संशोधन लंडनला गेले आणि बिरवाडीलाही परत आले. भाताच्या पेंढ्या उचलणाऱ्या मजुराला ‘घाम आला तर थांबू नको, दवाखाना गाठ’ एवढे कळले, तर त्या संशोधनाचा खरा छापखाना तोच.

याच्या उलट, अगदी विद्वान आणि सद्हेतूच्या कामाचेही न वाचून दाखविल्याने काय होते, ते आमच्याच जिल्ह्याने पाहिले. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०१० मध्ये डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा वेगळा विचार तिने करायचा होता. (माधवरावांचे वडील धनंजयराव म्हणजे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. वडिलांनी अर्थव्यवहार अभ्यासला, मुलाने देवराया. दोन्ही एकाच घरात मावते, हे विद्यापीठांच्या विभागप्रमुखांनी ध्यानात घ्यावे.) समितीने २०११ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. त्यात काय करावे हे ग्रामसभांना विचारून ठरवा, असे स्वतः समितीचेच म्हणणे होते. सरकारने तो दडपून ठेवला. माहिती अधिकाराचे भांडण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा २०१२ च्या मे महिन्यात तो लोकांना पाहायला मिळाला, तोही इंग्रजीत. मधल्या काळात गावोगाव अफवा पोचल्या होत्या: आता घरावर कौल घालता येणार नाही, कलमाला खत घालता येणार नाही. अफवा मात्र अस्सल मराठीत होत्या.

मला मिळणारी उत्तरे आता पाठ झाली आहेत. पहिले उत्तर, ‘लोकांना कळणार नाही.’ हे ऐकले की मला वर्गातल्या आळशी मास्तराची आठवण येते. जे चौथीच्या मुलाला सांगता येत नाही ते मास्तरालाच कळलेले नसते. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ गावोगावच्या घरांत आढ्याला टांगलेला असे, आणि लोक तो काढून वाचीत. आपल्या भाषेला या विषयांची सवय नाही, असे कोणी सांगू नये. दुसरे उत्तर, ‘वेळ नाही, पैसा नाही.’ परदेशच्या परिषदेला जायला असतो. तिसरे उत्तर जरा प्रामाणिक आहे. एका तरुण प्राध्यापकाने मला ते दिले: “सर, त्याला गुण नाहीत.” २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांची बढती गुणांच्या हिशेबाला बांधली. निबंध छापला, अमुक गुण. परिषदेत वाचला, अमुक गुण. पुढे त्या नियमांत फेरफार झाले, पण गावात जाऊन वाचला तर गुण शून्य, हे काही बदलले नाही. तेव्हा त्या बिचाऱ्यावर मी रागावलो नाही. राग आहे तो गुणपत्रिका छापणाऱ्यांवर. एका प्रबंधामागे एक गाव, एक संध्याकाळ, आणि तेथे कोणी काय दुरुस्ती सुचविली याचे एक पान प्रबंधाला जोडलेले. ते पान नसेल तर पदवी नाही. असा नियम करायला नवी समितीसुद्धा नको.

तो नियम होईल तेव्हा होवो. आमच्या शाळेत मी एक वही ठेवली आहे. जो कोणी प्रश्नावली घेऊन येतो त्याने नाव, संस्था, विषय आणि ‘परत येऊन वाचून दाखविण्याची तारीख’ असे चार रकाने भरायचे, मग मी बरोबर चालायला लागतो. काही जण तारखेचा रकाना कोरा ठेवतात. एक गृहस्थ “मार्गदर्शकांना विचारून कळवितो” म्हणाले, ते अजून विचारीतच आहेत. पण गेल्या साली रानभाज्यांवर काम करणाऱ्या एका मुलीने वैशाखातली तारीख घातली, आणि त्या दिवशी ती खरोखरच एसटीतून उतरली. देवळाच्या सभामंडपात बायका जमल्या. तिने तक्ता मराठीत वाचला. टाकळा, कुर्डू, भारंगी ठीक झाले. शेवळाशी ती आली तेव्हा मागून कोणी ओरडले, “त्याच्यात काकडं घालतात ते कुठं लिहिलंस? तसंच खाल्लंस तर घसा धरेल!” ते तिने लिहिलेच नव्हते. मग दोन बायकांत काकडं किती घालायची यावरून जुंपली, आणि मुलगी खाली बसून भराभर लिहू लागली. शेवटची गाडी चुकली. ती त्या रात्री आमच्याकडेच राहिली, आणि सकाळी जाताना माझ्याकडून त्या भांडणाऱ्या दोघींची पूर्ण नावे विचारून घेतली, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट, कोणते लिहू म्हणून.